शर्यतीच्या दिवशी फाट्यावर

गाड्यांच्या शर्यतीसाठी आमच्या गावचा रस्ता नवा झाला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त सुखावली ती आई. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी पिरंगुटला न्यावं लागतं. पूर्वी प्रत्येक खड्ड्याला ती डोळे गच्च मिटून घ्यायची. नव्या डांबरावरून पहिल्यांदा गेलो, तेव्हा ती वाटेत चक्क झोपली. त्यामुळे शर्यत वाईटच, असं मला आजही सरळ म्हणता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून रस्ता बंद राहणार होता. आजारी माणसांना पास मिळणार होता. मोबाईलवर इंग्रजीत अर्ज भरायचा. मी भरायला घेतला, तर पप्पा म्हणाले, "कशाला? फाट्यावर आपला भाचाच उभा ऱ्हाणार हाय. गाडी बघून बॅरिकेड सरकवंल." मी सहसा वाद घालत नाही. मोबाईल ठेवून दिला.

पण ओळखीच्यांना कुणी सोडू नये, म्हणून आयोजकांनी आदल्या दिवशी स्वयंसेवकांची गावं बदलली होती. माझा आतेभाऊ गेला उरवड्याला. आमच्या फाट्यावर मारुंजीचे एक काका होते.

"पास?"

"आवो, पेशंट हाय गाडीत. दिसत न्हाई व्हय?" पप्पा म्हणाले.

"दिसतंय की. पर माज्या हातात काय न्हाई. सायबाशी बोला." त्यांनी वॉकीटॉकी पुढे केला. "इंग्लिशमधी बोलावं लागंल."

पप्पांनी तो माझ्या हातात दिला.

मी शाळेत शिकवलेलं सभ्य इंग्रजी बोलले. आपली हरकत नसेल तर, शक्य असेल तर. आईला धाप लागली आहे, हे मी शेवटी सांगणार होते. तोवर पलीकडून थांबायला सांगून साहेबांनी बोलणं तोडलं. पुन्हा बटण दाबायचं धाडस मला झालं नाही.

गाड्या एकामागून एक गेल्या. आई पुढची सीट धरून वाकून बसली होती. मागे टेकलं की तिचा श्वास अडकत होता.

रस्ता खुला झाला तो दुपारी. सेंटरवर तिची मशीन दुसऱ्याला लावलेली. सिस्टरने आईचे सुजलेले पाय दाबून पाहिले, ऑक्सिजन लावला आणि पुण्याला हलवायला सांगितलं.

"तू जरा आवाज चढवायचा हुतास," पप्पा मला म्हणाले.

आईने मास्क बाजूला केला. "तिला नका बोलू. भाचा तुमचा." एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

मी मास्क परत लावला. तिच्या ओठांचा रंग बदलत होता. पप्पा अॅम्ब्युलन्सवाल्याला पत्ता सांगत होते. मी दारात जाऊन नेहमीच्याच हळू आवाजात सिस्टरला हाक मारली. कुणीच वळलं नाही.