टाकीच्या तळाशी डबा

परवा साउथहॅम्प्टनच्या साइटवर मी टाकीला चीर पाडली. स्वतः, जेवताना. आणि ती टाकी तपासून सही करणारी इंजिनिअरही मीच...

नीट सांगते. एका सुपरमार्केटच्या नव्या कार पार्कखाली आम्ही पावसाच्या पाण्याची टाकी करतोय. काँक्रीटची नव्हे हं. मोठा खड्डा, त्यात फेल्टसारखं जाड कापड, त्यावर काळी प्लास्टिकची शीट, आणि शीटवर दुधाच्या क्रेटसारखे पोकळ क्रेट रचायचे. मग शीट वरून गुंडाळायची आणि जोड गरम करून चिकटवायचे. जोराचा पाऊस आला की पाणी यात थांबतं आणि सावकाश गटारात जातं.

कॉलिंग कार्डची वीस मिनिटं खर्च करून हे नाशिकला बाबांना समजावलं. ते म्हणाले, एवढं शिकून क्रेट रचतेस होय... मी म्हटलं, हो.

खालच्या अंगाला विटांच्या जुन्या घरांची रांग आहे. टाकी गळली तर पाणी आधी त्यांच्या भिंतींखाली मुरणार. म्हणून शीटला टाचणीएवढं भोकही चालत नाही.

आता जेवणाचं. पहिल्या दिवशी मी सगळे जेवतात त्या केबिनमध्ये डबा उघडला. लसणीची मेथी होती. कुणीतरी उठलं आणि खिडकी उघडली... मला तेवढं पुरलं. स्वभावच असा आहे माझा, एक खिडकी उघडली तर मी दार लावून घेते.

दुसऱ्या दिवसापासून मी खाली खड्ड्यात जाऊन जेवायला लागले. कोपऱ्यात वारा लागत नाही. क्रेट उलटा टाकायचा, त्यावर बसायचं, दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि वर यायचं. असे तीन आठवडे गेले. एकटेपणाची सवय होते म्हणतात, मला काही झाली नाही.

परवा जेवताना भुरभुर सुरू झाली. मी अर्धवट उठून क्रेट भिंतीकडे ओढला. क्रेट ओढायचा नाही, उचलायचा, हे मीच सगळ्यांना रोज सकाळी सांगते! डबा बंद करून खाली पाहिलं तर शीटला बोटभर चीर...

खरं सांगते, पहिला विचार आला की कुणाला कळणार आहे? हवा भरून तपासतात ते फक्त जोड. मधल्या शीटवर नजर फिरवायची ती मी. उद्यापर्यंत तिथे क्रेट रचले जाणार आणि विषय संपणार. माझं प्रोबेशन अजून चालू आहे आणि वर्क परमिट याच कंपनीच्या हातात.

पण मला खरी भीती नोकरीचीही नव्हती. चीर दाखवली की ते विचारणार, क्रेट इथे कशाला आणला होतास... चूक कबूल करायची मला तेवढी लाज वाटत नव्हती. मी एकटी बसून जेवते, हे सांगायची वाटत होती.

फोन करून विचारावं असं या शहरात एकही माणूस नाही, हे तेव्हा फार लागलं. शिडी चढून वर आले. त्या घरांपैकी एकाच्या मागच्या अंगणात एक आजी पावसाने भिजतील म्हणून घाईघाईने कपडे काढत होत्या. त्यांना काही पत्ताच नव्हता. मी थेट केनकडे गेले.

केन आमचा वेल्डर, शीटचे जोड चिकटवतो. साठीचा आहे, दिवसभरात चार वाक्यं बोलतो. मला वाटायचं त्याला मी आवडत नाही. तो खाली आला, गुडघ्यावर बसला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि नेमकं तेच विचारलं, क्रेट इथे कशाला?

"मी इथे जेवते," मी म्हणाले. "रोज."

त्याने मान वर केली नाही. शीटचा गोल तुकडा कापला, गरम हवेने चिकटवला, वरून रोलर फिरवला. मग साबणाचं पाणी ओतून, हवा खेचून घेणारी काचेची पेटी वर दाबून धरली, गळत असेल तर बुडबुडा येतो. आम्ही दोघं बघत बसलो. नाही आला.

"माहीत आहे आम्हाला," तो पेटी उचलताना म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुमच्या धर्मात एकट्यानं जेवायचं असतं. विचारणं बरं दिसलं नसतं."

मग कळलं की क्रेट रचताना सगळ्यांनी तो कोपरा मुद्दाम शेवटी ठेवला होता. मला बसायला जागा राहावी म्हणून. मला हसूच आलं... तीन आठवडे ही माणसं माझा एकटेपणा जपत होती.

दुरुस्तीच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, इंजिनिअरने क्रेट ओढला. मॅनेजरने वाचलं, पुढच्या वेळी उचल म्हणाला आणि फाइलला लावून टाकलं.

काल तो कोपराही भरला. मला जायला जागाच उरली नाही, म्हणून डबा घेऊन केबिनच्या दारात उभी राहिले. केनने बाकावरचं आपलं वर्तमानपत्र उचललं. मी बसले. या वेळी जेवायला अर्धा तास लागला.

आणि टाकी संपत आली, या साइटवर माझे आता तीनच दिवस उरलेत...

तुमच्या ऑफिसात कुणी रोज एकटं जेवत असेल तर एकदा विचारा, आमच्यात बसता का. बरं दिसो, न दिसो. मला कुणी विचारलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी हो म्हणाले असते.