बाबांना ऐकू येईल असं काही

संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकर. संप संपला असं कोणी कधी सांगितलं नाही. त्यांची गिरणी मात्र परत उघडली नाही. मग ते हिंदमाताला एका साडीच्या दुकानात लागले. गिऱ्हाइकानं निळी मागितली की हे पिवळी काढत. शेठला वाटायचं, यांचं लक्ष नाही. लवकरच त्यानं त्यांना यायचं नाही म्हणून सांगितलं.

खरं कारण आम्हाला कळलं ते गणपतीत. परळच्या आमच्या चाळीच्या बेंजो पार्टीत मी बेंजो वाजवायला लागलो होतो. बाबा मिरवणुकीत माझ्यासमोरच चालत होते. घरी आल्यावर म्हणाले, "तू नुसतो हात हलवत होतंस काय रे? माका ढोल तेवढो ऐकाक इलो."

साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. डॉक्टर म्हणाले, बारीक, वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, खालचे अजून काही वर्षं राहतील. औषध नाही.

मी बेंजो सोडला. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर बसलो, डावा हात खर्जात ठेवून. पुढे कंप्युटर घेतला आणि एकटाच घरी संगीत करू लागलो. आधी लग्नांसाठी रिमिक्स, मग टेक्नो, मग डब; त्यात नुसता बेस आणि मधली मोकळी जागा. कॅसेटवाला म्हणाला, गाणारी बाई घाल, खपेल. मी नाही म्हटलं. बाईचा आवाज बाबांपर्यंत पोचत नव्हता. मित्र विचारायचे, "सारखा ट्रॅक का बदलतोस रे?" मी म्हणायचो, शोधतोय.

नवं काही झालं की आधी बाबांना. ते खुर्ची स्पीकरजवळ ओढत आणि म्हणत, "हां, आता येता." तेवढ्यावर माझे कितीतरी दिवस जात. पण खुर्ची दरवेळी आणखी पुढे सरकत होती. मी आणखी खालच्या पट्टीत गेलो. शेजारच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी थरथरू लागली, त्या भांडायला आल्या. त्या का आल्या, हे बाबांना कळलं नाही.

कानाचं मशीनही आणलं. त्यांनी थोडे दिवस लावलं आणि काढून ठेवलं. "सगळाच खडखडता," म्हणाले. "साच्यार उभो असल्यासारखा."

त्यांच्या शेवटच्या दिवाळीत मी त्यांना खुर्चीत बसवलं. स्पीकरची वायर सैल होती म्हणून खाली वाकून ती लावत होतो. वर बघतो तर डोळे मिटून ते मान डोलवत होते.

"बरा वाजयलंस," म्हणाले.

मी अजून काही सुरूच केलं नव्हतं. वायर लावली, वाजवलं. बाबा मात्र तोवर उठून गॅलरीत गेले होते आणि खाली चौकात चाललेला मुलांचा कॅरम बघत होते.