जाणाऱ्यांचं पोलादपूर

मी मुंबईला निघाले त्या सकाळी दादा मला सोडायला स्टँडच्या आत आलेच नाहीत. खेडहून आलेली मुंबईची गाडी लागली होती आणि तिच्यातली निम्मी माणसं रस्ता ओलांडून आमच्या हॉटेलात चहाला शिरली होती. बॅग आईने चढवून दिली. दादांनी हातातली किटली खाली न ठेवता दारातूनच ओरडून सांगितलं, "पोचलीस की फोन कर गो!" आणि पुन्हा आत वळले. मुलगी घर सोडून चालली होती आणि बाप गिऱ्हाईक सांभाळत होता. पनवेल येईपर्यंत मी धुमसत होते.

दादा म्हणजे माझे वडील. आणि हॉटेल म्हणजे पत्र्याखाली मांडलेली चार बाकडी, एक भट्टी आणि भज्यांची कढई. त्यावर आम्ही सगळे वाढलो.

शाळेत गुरुजी पोलादपूरचा इतिहास शिकवायचे. घाट चढणारे सगळे इथे थांबून गेले. राजांच्या फौजा, मीठ-मिरची वाहणारे बैलांचे तांडे, महाबळेश्वरला हवा खायला निघालेले गोरे साहेब. मग एसटी आली. गाव तालुक्याचं, त्यामुळे कचेरी आहे, कोर्ट आहे, पण खरी लोकसंख्या स्टँडवर. कापडे गावची, वरच्या डोंगरवाड्यांची माणसं इथूनच मुंबईची गाडी धरायची आणि शिमग्याला इथेच उतरायची. आमच्या गावाला इतिहास आहे तो जाणाऱ्यांचा. राहणाऱ्यांचा कुणी लिहिला नाही, आणि आम्हा बौद्धवाडीतल्यांचा तर नाहीच.

आमचा इतिहास मला आजोबांनी सांगितला. ते तरुण असताना स्टँडसमोरच्या मोठ्या हॉटेलात त्यांना चहा मिळायचा, पण बाहेर उभं राहून. त्यांच्यासाठीचा कप वेगळा, तो वळचणीला ठेवलेला असे, आणि पिऊन झाल्यावर स्वतःच विसळून ठेवायचा. आजोबा मुंबईला गोदीत गेले, बरीच वर्षं राबले आणि परत येऊन त्या मोठ्या हॉटेलाच्या शेजारीच त्यांनी स्वतःचं हॉटेल काढलं. गावातलं कुणी पायरी चढलं नाही. पण गाडीतून उतरणारी माणसं चढली. त्यांना गरम चहा हवा होता आणि गाडी सुटायच्या आत हवा होता. "परवाशाला जात इचारायला टायम नसतो," आजोबा म्हणायचे. आमचं घर अनोळखी माणसांनी चालवलं. दादांच्या काळात गावातले दुकानदार चहा मागवायला लागले, पण तो दुकानात पाठवायचा. बाकड्यावर येऊन बसणारे फार थोडे.

मग हायवे रुंद झाला. तुम्ही जे कोकणात जाता त्यांना ठाऊक आहे, आता मोठा रस्ता गावाच्या पोटातून खालून जातो. आमच्या हॉटेलाची पुढची बाजू त्यात गेली. दादांनी उरलेल्या मागच्या खोलीत भट्टी मांडली. पण लांबच्या गाड्या खालून निघून जाऊ लागल्या. खिडकीत बसलेल्याला दोन्ही बाजूंना नुसती काँक्रीटची भिंत दिसते. वर एक गाव आहे हे कळायचं कारणच नाही. अनोळखी माणसं संपली. उरलं ते ओळखणारं गाव.

दुकानदारांनी मिळून अर्ज केला, की सर्व्हिस रोडवर गाड्यांना थांबा द्या. सगळ्यांच्या सह्या झाल्या. दादांना कुणी बोलावलं नाही. त्यांना ते नंतर कळलं. शेजारच्या कापडवाल्याला त्यांनी विचारलं, "शेठ, मला सांगितलंव नाय?"

"अरे, घाईत राहून गेलं."

एवढंच. हे सांगताना फोनवर दादांचा आवाज चढला नव्हता. "आपलं हॉटेल असतं तर थांबा आपल्याला लागला असता ना," ते म्हणाले. "आता त्या मागच्या खोलीत हॉटेल कुठं हाय?"

मी तेव्हा ठाण्याजवळ दिव्याला राहत होते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टचं काम करत होते. त्यांना म्हटलं, इकडे या. दोघं आले, आणि महिनाभरात कंटाळले. "हितं मी पाव्हना हाय," दादा म्हणाले, "आणि पाव्हन्याला कोन काम देत नाय." परत गेले ते पोलादपूरला नव्हे, बिरवाडीला. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत कँटीनच्या ठेकेदाराला चहा करणारा माणूस हवा होता. दादांनी खोली भाड्याने घेतली.

मी शंभर मैल लांब गेले तेव्हा गावाने मला निरोप दिला होता. मोठं झालेलं माणूस मुंबईला जातं, त्याची इथे सवय आहे. माझे वडील उतारवयात एसटीने अर्ध्या तासावर गेले, आणि ते गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. कँटीनमध्ये बिहारची, ओडिशाची पोरं त्यांना चाचा म्हणतात. कुणी गाव विचारलं तर दादा पोलादपूर सांगायचे. "वो किधर है?" असं पोरं विचारायची.

गेल्या उन्हाळ्यात ती मागची खोली विकली. घेणाऱ्याला तिथे गाडी उभी करायची होती. मीही गेले होते सहीला. कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. दादा म्हणाले, "चल, चा पिऊ." आणि ते सरळ त्या मोठ्या हॉटेलात शिरले. आयुष्यात पहिल्यांदा. पंख्याखालच्या टेबलावर बसले. मी दाराकडे पाहत राहिले, कुणी काही बोलेल म्हणून. पण ओळखणारे म्हातारे गेले होते आणि गल्ल्यावर नवा मुलगा होता. त्याने हसून पाणी ठेवलं आणि आदराने विचारलं, "काका, कुठून आलात?"

दादांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली.

"बिरवाडीहून," ते म्हणाले.

चहा आला. आम्ही तो प्यायलो. बरा होता. दादा नंतर रस्ताभर त्या चहाबद्दल बोलत राहिले, दूध पातळ होतं, आलं शिळं होतं. जिथे जन्मलो तिथे आत बसायला परका होऊनच यावं लागतं, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

तुम्ही जे पोलादपुरातच राहिलात त्यांना आम्ही सोडून गेलो असं वाटत असेल. वाटू दे. मला आता दिव्यात कुणी गाव विचारलं की मी बिरवाडी सांगते. तिथे आमचं शेत नाही, वाडी नाही, कुणी पूर्वज पुरलेला नाही. कंपनीचा वास खोलीत येतो आणि भाडं थकलं तर घरमालक बाहेर काढेल. पण सकाळच्या शिफ्टची सगळी पोरं दादांच्या समोर बसून चहा पितात.