थुंकीची पट्टी आणि मिशरी

सुई म्हटली की मी चार पावलं मागं सरते. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पायाचा अंगठा सुजला होता. रक्त तपासलं तर किडन्या गेल्यात, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याला नेलेले अण्णा गुंजवण्याला परतले ते झाकूनच. आणि मी कोण, तर गावची आशाताई, बायाबापड्यांना धीर देणारी!

भाताची लावणी उरकली तसा माझाही अंगठा ठणकायला लागला. अण्णांचाच तो अंगठा, असं वाटून झोप उडाली. घरात कुणाला बोलले नाही. दोन महिन्यांनी शाळेत युरिक ॲसिडचं शिबिर लागलं; ते अंगात वाढलं की अंगठा सुजतो, किडन्याही बिघडतात. प्रत्येकाची थुंकी पट्टीवर घ्यायची, शिवाय बोट टोचून रक्त, मग दोन्ही जुळतात का ते बघायचं. सकाळी तोंडात काही घालायचं नाही, मिशरी तर नाहीच, असं मीच सगळ्यांना दटावलं होतं. आणि त्याच सकाळी जीव घाबरा झाला म्हणून न्हाणीत जाऊन मिशरी लावली. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

माझा नंबर आला. भीतीनं तोंड असं कोरडं पडलं की थुंकी निघेना. कशीबशी पट्टी ओली केली. रंग फिकाच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक दिसतंय, आता बोट द्या. रांग मोठी आहे, माझं राहू दे, असं म्हणून मी उठले.

मागं सासूबाई बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाई, ती पट्टी खरी धरू नगा. हिनं सकाळी मिशरी लावलीया. अन् दोन म्हयनं लंगडती."

बायका फिसकन हसल्या. लाजेनं मेले मी. मला नाही बघायचं, एवढंच पुटपुटले. आत्यांनी माझा हात धरला.

"तुज्या बापाला सुईनं न्हाई न्हेलं, पोरी. उशिरानं न्हेलं."

मला ते ठाऊक होतं. सुजलेला अंगठा अण्णांनी सगळ्यांत आधी मलाच दाखवला होता. आईला बोलू नको म्हणाले, आणि मी बोलले नाही.

मी बोट पुढं केलं. आकडा वाढलेला निघाला. सोमवारी भोरला किडनीची तपासणी आहे. काल जेवताना घरात सगळ्यांना सांगितलं.