फोन एकदाच विचारतो

जानेफळच्या स्टँडवर सकाळची मेहकर गाडी लागली, तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या होत्या आणि तिसरी जाऊबाईंच्या हातात. तिसरीत जवसाची चटणी, घरची तुरीची डाळ आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकरी. मुलगा विनोद सामान वर चढवत होता. मेहकरहून पुढं पुण्याची गाडी होती. जाऊबाई रडल्या नाहीत. खिडकीतून पिशवी आत ढकलली आणि म्हणाल्या, "पोचली का फोन लावजो. भाकरी आज खाऊन घेजो, उद्या वातड होतीन." एवढंच. गाडी हलली तशा त्या वळल्या, घरी दूध उतू जाईल म्हणून. मी मात्र सारशिवपर्यंत मान मागं करून बसले होते.

त्याला आता चार वर्षं होतील. तुमच्यापैकी जे जानेफळातच राहिलात त्यांना वाटत असेल, सुमनबाईचं बरं झालं, पुण्यात लिफ्टच्या घरात गेली. आणि जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना सांगायची गरजच नाही. लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही. सगळे आकड्यांकडं बघतात. मी एकदा एका बाईला विचारलं, "कोणत्या गावच्या वं तुम्ही?" तर ती हसली आणि कानातलं गाण्याचं बोंडूक काढून म्हणाली, "सॉरी?" मग मीच म्हटलं, काही नाही.

पहिले काही महिने तर मी अर्धपोटी उठत होते, आता सांगायला हरकत नाही. माझी सून प्राची गुणाची पोर. वाढताना विचारायची, "आई, अजून एक पोळी?" मी म्हणायची, "नको." ती डबा बंद करायची. आता आपल्याकडं पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणतं का? मी लग्न होऊन आले त्या दिवशी दुसऱ्या भाकरीला नको म्हणून ताटावर हात आडवा धरला होता, तर जाऊबाईंनी माझा हात बाजूला सारून भाकरी ठेवली आणि वरून म्हणाल्या, "नको म्हणायले जीभ लागते, पोट कुठं बोलते." प्राचीला हे कोण शिकवणार? तिच्या माहेरी नको म्हणजे नको. एक दिवस दुपारी तिनं मला डब्यातली शिळी पोळी खाताना पाहिलं, तेव्हा सगळं निघालं. ती रडवेली झाली. तेव्हापासून दोनदा विचारते, पण दुसऱ्यांदा विचारताना तिला स्वतःलाच आगाऊपणा वाटतो, हे दिसतं मला.

हे सांगायचं कारण पुढं येईल.

जाऊबाईंना मूलबाळ नाही. माझा विनोद त्यांच्याच मांडीवर वाढला, त्यांना तो मोठी आई म्हणतो, मी बाई म्हणते. दीर गेले, माझे मालकही गेले, आणि मी इकडं आल्यावर त्या घरात एकट्याच. मागच्या हिवाळ्यात त्यांनी साखरेची गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेतली आणि अंगणात चक्कर येऊन पडल्या. बांगड्यांचं दुकान आहे ना आपल्या गल्लीच्या तोंडाशी, त्या शकिला आपांनी उचललं, साखरपाणी पाजलं, डॉक्टर आणला. विनोदनं त्याच दिवशी ठरवलं, मोठ्या आईला पुण्याला आणायचं. बाईंनी फोनवर एकच म्हटलं, "मले घरातून काढू नको बाबू. माह्या हातून आता नवी जागा होत नाही."

प्राचीचं काम मोबाईलची अ‍ॅप बनवण्याचं. ती म्हणाली, एक महिना द्या. तिनं बाईंसाठी एक छोटं अ‍ॅप केलं. सकाळी आठला पडद्यावर चौकट यायची, तिला ती पॉप-अप म्हणते. त्यात लिहिलेलं, "गोळी घेतली का?" खाली दोन बटणं, "घेतली" आणि "थोड्या वेळानं". बाईंनी "घेतली" दाबलं की आमच्या फोनवर हिरवी चौकट येणार. तासभर काही दाबलं नाही तर लाल. महिनाभर नीट चाललं तर बाई जानेफळात राहणार, नाही तर विनोद जाऊन घेऊन येणार. असं ठरलं.

तपासायला मी. बाईंचा आणि माझा फोन एकाच कंपनीचा, दोघींची अक्षरं सगळ्यात मोठी केलेली. पहिल्याच दिवशी माझ्या फोनवर चौकट आली तर बटणंच दिसेनात. मोठ्या अक्षरांनी सगळी जागा खाल्ली आणि बटणं पडद्याच्या खाली गेली. प्राचीच्या फोनवर ती ठीक दिसत होती, कारण तिची अक्षरं मुंगीएवढी. मग तिनं बटणं खाली पक्की बसवली आणि मजकूर वरचा वर सरकेल असं केलं. चार दिवस आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर फोन ठेवून बसत होतो. खरं सांगते, पुण्यातले माझे सगळ्यात बरे दिवस ते.

मग ते अ‍ॅप शकिला आपांनी दुकानात बसून बाईंच्या फोनवर घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं लाल. रोज लाल. बाई गोळी घेत होत्या, पण चौकट त्यांच्याकडं उमटतच नव्हती. प्राची चार वेगवेगळे फोन ऑफिसातून घेऊन आली, सगळ्यांवर चौकट येत होती. तिनं बाईंना विचारलं, "मोठ्या आई, पहिल्यांदा फोननं विचारलं तेव्हा उत्तर दिलंत ना?" बाई म्हणाल्या, "देल्लं ना माय." प्राचीला वाटलं, फोन बॅटरी वाचवायला चौकट अडवत असेल. ती तिथंच शोधत राहिली. विनोद म्हणाला, शनिवारी मी निघतो.

बुधवारी दुपारी मी सहज बाईंना फोन लावला.

"बाई, उत्तर देल्लं म्हणता, पण काय देल्लं?"

"तो म्हणे, रोज आठवण करून देऊ का. मी नकोवर बोट ठेवलं."

"काऊन?"

"घ्या. एकदम हो म्हणाव का? वाटलं पुन्हा विचारन, तवा म्हणीन. थो पुन्हा आलाच नाही. लय मानी दिसते."

मी हसले. मग लक्षात आलं. प्राचीनंच तसं लिहिलं होतं, एकदा नको म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही, माणसाला उगीच त्रास कशाला. तिच्या परीनं तो मान होता.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातं. मी प्राचीला सांगितलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. मनात म्हटलं, अजून दोनच दिवस. बाई इकडं येतील. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मी पावलांनी मोजून पाहिलं. सकाळी गॅलरीत बसून आपल्या बोलीत कोणाशी तरी बोलता येईल, कोण मेलं, कोणाची सोयरीक झाली, कोणाच्या वावरात हरभरा कसा आहे. प्राचीसमोर मी बोलते ते धुऊन, घडी घालून बोलते. बाईंसमोर तसंच सांडता येईल. पाप म्हणा, पण मला त्या दोन दिवसांत लाल चौकट आली की बरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांचाच फोन आला. आवाज उगीच हसरा.

"सुमन, तिकडं ऊन सकाळी कोन्या बाजूनं येते वं?"

"काऊन विचारता?"

"तसं नाही. बसाची जागा पाहून ठेवाव म्हटलं. शकिलाले तुळस देल्ली. पाणी घालीन म्हणते."

फोन ठेवला आणि सरळ प्राचीच्या खोलीत गेले. ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, तरी उभी राहिले. तिनं आवाज बंद केला. मी सगळं सांगितलं, दोन दिवस दडवलं तेही. ती म्हणाली, "आई, बुधवारीच सांगायचं ना." रागावली नाही, पण त्या दिवशी माझ्याशी कमी बोलली. तो माझा हिस्सा होता, मी घेतला.

दुपारपर्यंत तिनं अ‍ॅप बदललं. नको म्हटलं की आता पुन्हा चौकट येते, आणि त्यातले शब्द तिनं मला सांगायला लावले. मी म्हटलं, लिही, "असं कसं? देते ना आठवण." त्यावरही नको म्हटलं तर तिसरी, "माझ्यासाठी तरी हो म्हणा." शकिला आपांनी ते बाईंच्या फोनवर घेतलं आणि दुकानातूनच मला सांगितलं, "भाभी, तीसरे टाइम को हाँ बोले. मैं हँस हँस के थक गई." त्यानंतर फोननं चौकट दाखवायची परवानगी मागितली, तिथं आपांनी त्यांचं बोट धरून हो दाबलं.

शनिवारी विनोद गेला नाही. आठ वाजून काही मिनिटांनी हिरवी चौकट आली.

रविवारी मी बाईंनाही सांगितलं, की मला बुधवारीच समजलं होतं. पलीकडं गल्लीत भाजीवाला ओरडत होता, बाईंनी दार लोटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "आणखी एक रोज गप राह्यली असती तं मी आली असती. आपण दोघी बसलो असतो तिथं. अन् मंग जानेफळले फोन कोनाले लावला असता तू?"

 

तुळस शकिला आपांनी परत आणून दिली. महिना कधीच उलटला, बाई घरातच आहेत. माझ्या खोलीत दुसऱ्या खाटेची जागा तशीच मोकळी, तिथं प्राचीनं कपडे वाळवायचा स्टँड ठेवलाय. जीव अजून तुटतो, नाही कशाला म्हणू. पण गावाकडं आपलं दार सकाळी उघडतं, अंगण झाडलं जातं, हे मला रोज कोणीतरी कळवतं. परगावी राहिलेल्या किती जणांना एवढं मिळतं?

प्राची परवा म्हणाली, "आई, ती हिरवी चौकट आपोआप जाईल असं करू का? तुम्हाला रोज 'ठीक' दाबावं लागतं." मी म्हटलं, राहू दे तशीच. सकाळी आठला ती येते. मी लगेच दाबत नाही. पडद्यावर आहे तोवर मी जानेफळच्या ओट्यावर असते, बाई पाण्याचा गडू खाली ठेवत असतात. मग "ठीक" दाबते आणि उठून चहा टाकते.