बापूंनी ओतलेली मोटार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही.

मी हिंगोलीत राहतो. ओतीव धातूच्या, खेळण्यातल्या छोट्या मोटारी जमवतो. आज दोनशे चौदा आहेत. पण खरी गोडी आहे ती प्रत्येकीचा कारखाना शोधण्यात. लांबी, रुंदी, दोन चाकांमधलं अंतर — सगळं व्हर्नियरने मोजतो, वहीत लिहितो. या छंदातली माणसं माझा शब्द मानतात. मानावा असाच तो असतो. एकदा मात्र नव्हता.

सेनगावला माझ्या ओळखीचे एक बापू होते. शेतकरी माणूस, पण तरुणपणी चार वर्षं मुंबईच्या खेळण्यांच्या कारखान्यात जस्ताचा रस ओतायचे. तिथली एक निळी मोटार त्यांनी जपून ठेवली होती. कारखान्याचं नाव असलेला तळ केव्हाच निघून गेलेला. ही मी माझ्या हातानं ओतलीय, असं ते सांगायचे आणि घरात कुणालाच ते खरं वाटायचं नाही. म्हणून मला बोलावलं. “तुमी मोजून सांगा ह्या लोकायला, बराबर.”

मी मोजली. इथले कारखाने विलायती गाड्यांच्या नकला ओततात, असंच मी धरून चाललो होतो. तयार गाडीवरून साचा काढून नक्कल ओतली, तर ती मुळापेक्षा थोडी तोकडी भरते, कारण थंड होताना धातू आकसतो. बापूंची गाडी त्याच नमुन्याच्या मूळ विलायती गाडीच्या, माझ्या वहीतल्या मापांशी तंतोतंत जुळत होती. मग इथली कशी असेल? मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं — ही विलायतेत बनलेली आहे.

त्यांचा मुलगा हसला. “काहून बापू, इमानानं गेलते का बैलगाडीनं?”

बापूंनी गाडी धोतराला पुसली, खिशात टाकली. “भाऊनं मोजलं म्हंजी असंल तसंच.”

वर्षभराने तशीच एक मोटार, तळासकट, दुसरीकडून माझ्या हाती आली. तळावरचं विलायती नाव साच्यातच बुजवलेलं आणि त्या जागी मुंबईच्या त्याच कारखान्याचा छाप. कारखान्याने नक्कल केलीच नव्हती — मूळ साचेच विलायतेहून आणले होते. साचा तोच, तर माप कमी कसं भरणार? हे मला आधी का सुचू नये?

वहीतली नोंद मी तासाभरात दुरुस्त केली. आणि बापू? हिंगोलीहून सेनगाव किती लांब आहे? फोन तर खिशातच होता. मी आजारी नव्हतो, कामात नव्हतो. त्या मुलासमोर ‘मी चुकलो’ म्हणायचं नव्हतं — एवढंच.

बापू त्यानंतर दोन वर्षं होते. ती मोटार त्यांनी पुन्हा कुणाला दाखवली नाही.

ते गेल्यावर मी भेटायला गेलो. अंगणात सतरंजीवर दहा-बारा माणसं बसलेली. मुलाचे डोळे सुजले होते. बापाची आठवण काढत तो मायेनंच म्हणाला, “लाख माणूस होता आमचा बापू. फकस्त बाता मारायची सवय. त्या मोटारीचं तुमीच पकडलं, न्हाई का भाऊ?”

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, “हो.”