खडूवर उमटलेली रेघ

सौदीतल्या यान्बूच्या आमच्या इस्पितळात बंदुकीची जखम घेऊन कुणी आलं, की तासा-दोन तासांत कासमचाचा इमर्जन्सीच्या दारात उभे राहायचे. माणूस जगला का, हे ते विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच असायचा, “बंदूक कुठली होती?”

पहिल्यांदा मी त्यांच्यावर चांगलीच भडकले होते. माझी तिथली नर्सची नोकरी नवी होती. वाळवंटात शिकारीला गेलेल्या एकाने स्वतःच्याच पावलात गोळी घालून घेतली होती. त्याच्या बुटातून हाडाचे तुकडे वेचता वेचता माझे हातमोजे लाल झाले होते, आणि दारात वंगणाने काळ्या हातांचा, पांढऱ्या दाढीचा हा माणूस हिंदीत बंदुकीची चौकशी करत होता. “बाहर जाइए,” मी ओरडले आणि मराठीत पुटपुटले, “माणसापेक्षा बंदूक मोठी यांना!”

ते दचकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मोठी नाय गो बाय. पण माझ्या हाताखालून गेलेली असली तर मला कळाया हवं.”

चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे. शिकारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या वर्कशॉपमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. दुकानाचा मालक अबू नासेर हाच त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर त्यांना त्या देशात राहता येत होतं तो. दुकानाचा परवाना त्याचा, गिऱ्हाइकं त्याची, चाचांचा इकामा, तिथं राहण्याचा कागद, तोही त्याच्या मुठीत. बंदुका मात्र चाचांनी तपासल्याशिवाय बाहेर जात नसत. लिव्हरच्या रायफलींवर त्यांचा विशेष जीव होता. घोड्याखालची कडी खाली ओढून परत वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं, त्या रायफली. कडी ओढल्याच्या आवाजावरूनच बंदूक नवी की जुनी, जपलेली की हेळसांडलेली, हे ते सांगत.

“स्क्रू बघ आधी,” हे त्यांचं पालुपद. “स्क्रूचं डोकं खाल्लेलं असलं तर समज, अडाण्यानं उघडलीय. मग नळीवर कोरलेली अक्षरं बघ. कडा बोथट झाल्या असतील तर गंज घासून वर नवा काळा रंग चढवलाय. लाकडाला पॉलिश कोण पण करतो.”

एका सुट्टीच्या दिवशी कुकरचा कान तुटला म्हणून मी तो घेऊन वर्कशॉपवर गेले. टेबलावर दोन रायफली शेजारी शेजारी पडल्या होत्या. एकीवर पितळी पत्रा, त्यावर हरणांची नक्षी, दस्ता आरशासारखा. दुसरी उजाड, काळपट, हात लागून लागून लाकूड झिजलेलं.

“सांग, यातली भारी कुठली?” चाचांनी विचारलं.

मी अर्थातच नक्षीवालीकडे बोट दाखवलं.

“मालक पण तेच बोलतो.” त्यांनी तिच्या पोटातला एक पोलादी ठोकळा काढून माझ्यासमोर धरला. बार उडताना मागचा सगळा दाब हा ठोकळा अडवून धरतो, म्हणाले. त्यावर त्यांनी रॉकेल लावलं, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि वर खडू फासला. बघता बघता पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. “चीर. आत रॉकेल शिरलं, ते वर आलं. ही नवी बंदूक साच्यात ओतलेली, हिचं लोखंड ठिसूळ. आणि ही म्हातारी अख्ख्या पोलादातून कोरलेली. आणखी दोन पिढ्या वापरली तरी हिला काय होत नाय.”

“मालकाला सांगितलंत?”

“काल सांगितलं. मोडीत काढतो म्हणाला.”

तेवढ्यात अबू नासेर एका गिऱ्हाइकाला घेऊन आत आला. तिशीचा, हसरा माणूस. नाव फहद. म्हातारी रायफल त्याच्या आजोबांची होती. ती देऊन त्याला नक्षीवाली हवी होती. अबू नासेरने बदली ठरवूनही टाकली होती. चाचा अरबीत म्हणाले, “ही नको, मालक.” अबू नासेर हसतच म्हणाला, “खलास, विषय संपला. यल्ला, चल, ठोकळा बसव आणि दे.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून ठोकळा बसवला. फहदने रायफल खांद्याला लावून पाहिली, मलाही हसून सलाम केला. मी माझा कुकर घेऊन घरी आले.

पाचव्या दिवशी दुपारी फहदला आणलं. पहिल्याच बाराला ठोकळा फुटला होता आणि त्यामागचा लोखंडी दांडा उलटा येऊन उजव्या गालफडातून आत घुसला होता. डोळ्याच्या जागी खड्डा होता. दात शर्टाच्या खिशात पडलेले मिळाले. घशात रक्त उतरत होतं, आम्ही ते ओढून काढत होतो आणि तो माझं मनगट इतकं घट्ट धरून होता की पुढे आठवडाभर त्याच्या बोटांचे वळ माझ्या हातावर राहिले. चाळीस मिनिटांनी ती पकड सुटली.

बाहेर त्याचा म्हातारा बाप, एक पोलीस अधिकारी आणि अबू नासेरही होता. “त्यानं काडतुसं भलती भरली असणार,” अबू नासेर सांगत होता. चाचा आले. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. अधिकाऱ्याच्या हातातल्या पिशवीत फुटका ठोकळा होता, त्याकडे बोट करून ते म्हणाले, “तुटलेली बाजू बघा. अर्धी काळी आहे, अर्धी चकचकीत. चकचकीत आज तुटली. काळी आधीपासूनची चीर. मी पाहिली होती. मालकाला सांगितलं होतं. याला सांगितलं नाही.”

फहदच्या बापाने त्यांना पहिली थप्पड मारली तेव्हा चाचांची टोपी उडाली. दुसऱ्या थपडेला ते भिंतीवर आदळले. त्यांनी तोंडासमोर हातसुद्धा धरला नाही. पोलिसांनीच त्या बापाला मागे ओढलं. मी दारात उभी होते. 

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपशेजारच्या खानावळीतल्या मल्याळी आचाऱ्याने चाचांना आमच्याकडे आणलं. अबू नासेर आणि त्याच्या मेहुण्याने त्यांचा उजवा हात वर्कशॉपच्या वाइसमध्ये, लोखंड धरायच्या शिकंजात, घालून दांडा आवळला होता, हाडं वाजेपर्यंत. डावं मनगट रायफलीच्या दस्त्याने फोडलं होतं. “मारतील, वाटलंच होतं,” चाचा म्हणाले. “हात धरतील, असं नाय वाटलं.” उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अबू नासेरला पोलिसांनी उचललं ते त्यानंतर. महिन्याभराने चाचा कायमचे गावी गेले.

ते जाण्याआधीची एक दुपार मात्र सांगायलाच हवी.

चाचांचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. समोर जेवणाचं ताट तसंच पडलेलं. फहदचा बाप वॉर्डात आला. मी घाबरून पुढे झाले. म्हाताऱ्याने मला हातानेच थांबवलं, स्टूल ओढलं, हात धुऊन घेतले आणि भाताचा घास करून चाचांच्या तोंडाशी धरला.

“मला माहीत होतं,” चाचा अरबीत म्हणाले. “मी बोललो नाही.”

“खा,” म्हातारा म्हणाला.

चाचांनी तोंड उघडलं. ते रडत होते, दाढीवर शितं सांडत होती आणि म्हातारा ती बोटाने टिपून पुढचा घास करत होता. ताट संपेपर्यंत हे चाललं.

तो उठून गेल्यावर चाचांनी मला जवळ बोलावलं. “बाय, तू तिथं होतीस, ते मी कुणाला बोललो नाय. बोलणार पण नाय. तुझी नोकरी हाय, पोरं हायत.”

मी त्यांचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. मग जवळजवळ धावतच बाहेर गेले. म्हातारा लिफ्टपाशी उभा होता. माझ्या मोडक्या अरबीत मी त्याला सांगितलं, “मीही तिथे होते. मीही ती चीर पाहिली होती.”

लिफ्ट आली, दार उघडलं आणि बंद झालं. तो आत गेला नाही. 

“नाव काय तुझं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने ते पाठ करावं तसं दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि मग जिना उतरून निघून गेला.